बाईजाकाकीची राहिलेली सावड

खंडेनवमीला कंपनीच्या गेटवर जो फलक लागला, तो मी लिहिलेला होता. ‘नदीच्या पाण्यातली ऊब काढून ती नळाने शहरातल्या घराघरांत पोचवणारी यंत्रे येथे तयार होतात.’ मला विचाराल तर अक्षर सुरेख आलं होतं. तयार माल बाहेर पाठवायचं खातं सांभाळणारे आमचे भाविक सर त्याच्याखाली उभे राहिले आणि त्यांनी फोटोही काढून घेतला. कुठली नदी आणि कुठलं शहर, एवढं लिहायचं मात्र राहून गेलं.

दुसऱ्या एखाद्या तालुक्यात हे खपून गेलं असतं. पण आमचं गाव शहापूर-मुरबाड रस्त्यावरचं. इथे नदी म्हटलं की भातसा, आणि ‘नळाने शहराला’ म्हटलं की मुंबई. धरण इथलं, पाणी तिकडचं, आणि चैत्र लागला की आमच्या आळीत टँकर. ज्यांनी जन्मभर हेच बघितलं त्यांना मी सणाच्या दिवशी झेंडूच्या माळा लावून कळवलं होतं की पाणी नेऊन झालं, आता त्यातली ऊबही न्यायची ठरली आहे. संध्याकाळपर्यंत फलकाचा फोटो गावाच्या ग्रुपवर फिरून आला. मासे गारठून मरतील का, असं एकाने विचारलं. उन्हाळी भाताला गार पाणी बाधेल, असं दुसऱ्याने परस्पर ठरवलं. एकाने ऊब गेल्याचा मोबदला किती आणि त्याला सातबारा लागेल का, याची चौकशी केली. तो माझा सख्खा चुलतभाऊ.

एवढ्यावर निभावलं असतं. पण दिवेलागणीला बाईजाकाकीचा निरोप आला, की यंत्र माझ्या खळ्यावरनं जायचं नाय. दुसऱ्या दिवशी सकाळी भाविक सरांनी मला बोलावलं आणि शांतपणे सांगितलं, की फलक तू लिहिलास, तर काकीलाही तूच समजाव. ते शांतपणे बोलतात तेव्हा पुढचं वाक्य नोकरीबद्दल असतं, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी ते वाक्य म्हटलं नाही, नुसतं टेबलावर ठेवल्यासारखं केलं.

काकीचा आणि यंत्राचा संबंध सांगायला हवा. आमच्या कंपनीत उष्णतेचे मोठाले पंप आणि विजेवरचे बॉयलर बनतात. ते जातात दूर उत्तरेकडच्या देशांत, जिथे हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो. तिथे घराघरात शेगडी नसते. गावाबाहेर एका ठिकाणी पाणी गरम करतात आणि ते जमिनीखालच्या नळांतून घरोघर फिरवतात. आजवर त्यासाठी कोळसा नाहीतर गॅस जाळत. आता धूर नको म्हणून हे पंप. पंप नदीच्या गार पाण्यातली थोडी थोडी ऊब ओढून घेतो, एकवटतो आणि नळातल्या पाण्याला देतो. थंडी फारच वाढली की जोडीला विजेचा बॉयलर लावतात. आमच्याकडे वेल्डिंगवर हात बसलेले जे लोक आहेत, त्यांतला एक बाईजाकाकीचा मुलगा चंदर. त्याने जोडलेल्या सांध्याचा एक्स-रे काढला तरी काही खोट सापडत नाही. घरात मात्र तो आईसमोर तोंड उघडत नाही.

कंपनीपासून मोठ्या रस्त्याला लागायच्या आधी एक वळण आहे. एका बाजूला ओढ्याची मोरी, दुसऱ्या बाजूला काकीचं खळं. साधा ट्रक आरामात वळतो. पण एवढं मोठं यंत्र जातं पुलरवर, म्हणजे चाकं मोजता मोजता माणूस कंटाळतो अशा लांबलचक ट्रेलरवर. त्याचं शेपूट त्या वळणात मावत नाही. खळ्याचा कोपरा ओलांडला तरच ते सुटतं. मुलगा तिथेच कामाला म्हणून गौरी-गणपतीच्या सुमारास काकीने ‘बघू’ म्हटलं होतं. काकीचं ‘बघू’ म्हणजे लोकांचं लिहून दिल्यासारखं. ते माझ्या फलकाने घालवलं. आणि यंत्र दिवाळीनंतर लगेच बंदराला पोचलं नाही तर जहाज निघून जाणार होतं.

बाईजाकाकीला मी लहानपणापासून ओळखतो, म्हणजे तिच्या संशयाला ओळखतो. रेशनच्या दुकानात ती आधी रिकाम्या तागडीवर स्वतःचा तळहात दाबून बघते. नवा वीजमीटर बसला तेव्हा त्यातला लाल दिवा लुकलुकताना तिला दिसला. तो रात्री आपल्याकडे बघतो म्हणून तिने त्यावर जुनं पोतं टाकलं. बिल काही कमी झालं नाही, पण बघणं थांबलं. चंदरसाठी टोकावड्याच्या बाजूचं स्थळ आलं, तेव्हा बघण्याच्या कार्यक्रमाआधी ही एकटी एसटीने तिकडे गेली. आपण शेळी घ्यायला आलोय असं सांगून अख्ख्या आळीत हिंडली, मुलगी पाणी कशी भरते ते बघून आली, आणि सोंग उघडं पडू नये म्हणून खरोखरच शेळी विकत घेऊन परतली. मुलगी, म्हणजे कुणालीवहिनी, पसंत पडली. लग्नाला बरीच वर्षं झाली. वहिनी अजून म्हणते, “आत्याबाईंनी शेळीला जास्त निरखून घेतलं होतं.”

तिच्या संशयाला हसायचं तर हसावं, पण तो काही हवेतून आलेला नाही. तिचं माहेर भातसाच्या पाण्याखाली आहे. आणि सासरच्या खालच्या वावरात एका ठेकेदाराने माती टाकायला म्हणून थोड्या दिवसांपुरती एक पट्टी मागितली होती. माती गेली, ठेकेदार गेला, आज त्या पट्टीवरून टेम्पो जातात आणि लोक म्हणतात इथून पूर्वीपासूनच वाट आहे. म्हणून काकीला भीती यंत्राची नव्हतीच, भीती होती वहिवाटीची. आज कंपनीचं यंत्र जाईल, उद्या कंपनीचा ट्रक, परवा कोणीतरी कागद काढेल. तिच्याकडे उरलेल्या जमिनीत सपाट, कोरडी, भात झोडायला धड अशी एवढीच जागा होती. खळं गेलं असतं तर भात झोडायला तिला दुसऱ्याच्या दारात जावं लागलं असतं.

मी गेलो तेव्हा ती ओटीवर बसून विळ्याची धार बघत होती. आमच्या मुलाखतीला हे काही बरं चिन्ह नव्हतं. मी फोन काढून त्या थंड शहराचा व्हिडिओ दाखवला. तिने तो पूर्ण बघितला आणि विचारलं, की एवढ्या बर्फात ही माणसं हसतात कशाला, यांना कोणी पैसे दिलेत का. मग मी नदीतून ऊब कशी निघते ते समजावायला घेतलं. गार पाण्यातून ऊब, हे तिला मुळातच लबाडीचं वाटलं. शेवटी मी तिच्याच घरातल्या फ्रिजकडे बोट दाखवलं. फ्रिजच्या मागे त्यांची मांजर झोपलेली असते, कारण तिथे गरम लागतं. आतल्या भाजीतली ऊब काढून फ्रिज मागे टाकतो, पंपही तसाच.

काकीने मांजरीकडे बराच वेळ बघितलं.

“म्हणजे भाजीला न विचारता घेतो.”

“भाजीला काय विचारायचं काकी?”

“आमाला तरी कोणी विचारलं होतं?” ती म्हणाली. “ती नदी ज्यांची, त्यांना विचारलंय का?”

नदी त्यांचीच, शहरही त्यांचंच, दोन्ही तिकडेच आहेत, असं मी सांगितलं. तिने मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. पाणी नेणारे सुद्धा आधी असंच गोड बोलत होते, हे तिने माझ्याकडे न बघता विळ्याला सांगितलं. तिच्या मते एवढं अवाढव्य भांडं रिकामं पाठवणार हे शक्यच नव्हतं. कोणी रिकामी टाकी कशाला नेईल? नक्कीच त्यात भातसाचं पाणी भरून पाठवत असणार, नमुन्याला.

मग तिने यंत्र बघायचं ठरवलं. भाविक सर आधी नियम सांगायला लागले. पण जहाजाची तारीख त्यांना नियमांपेक्षा जवळची होती. काकी डोक्यावर पदर, पदरावर हेल्मेट अशी शेडमध्ये आली. ग्राइंडिंगच्या ठिणग्या उडत होत्या, तिने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती बघत होती चंदरकडे. त्याने तोंडावरची काच वर करून आईला बघितलं आणि परत खाली केली.

पंपाच्या एका मोठ्या नळकांड्याचं झाकण तेव्हा उघडं होतं. आत डोकावलं तर सगळ्या बाजूंनी बारीक नळ्यांची तोंडं, अगदी शेवेच्या सोऱ्यात घालायच्या चकतीसारखी. काकीने मला बॅटरी धरायला लावली, एका नळीला डोळा लावला, मग दुसरीला. पलीकडून उजेड दिसत होता. तिने बोट आत घालून कडेने फिरवलं आणि पुसून बघितलं. बोट कोरडं.

“एवढं मोठं आणि आत काय नाय,” ती म्हणाली, आणि तिचा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढलेला मला स्पष्ट दिसला. भाविक सरांनी तोच मुहूर्त साधून पाकीट पुढे केलं. कोपरा वापरायचा मोबदला, फक्त एका कागदावर अंगठा हवा. काकीने दोन्ही हात पाठीमागे नेले. कागद आला की जमीन जाते, एवढं तिला चांगलं माहीत होतं. पैसे नकोत, कागद नको. खळ्यावर भात झोडायचा आहे, तो झोडून रास घरात जाईपर्यंत तिथे चप्पल घातलेला पाय सुद्धा पडत नाही, मग चाक कसं पडेल? आणि झोडायला माणसं कुठे आहेत? गावची पोरं तर तुमच्याच कंपनीत.

ते तर खरंच होतं. कापलेल्या भाताचे भारे उडवी रचून तसेच पडून होते, आणि चंदरची सुट्टी यंत्र निघेपर्यंत बंद.

इथे मला पहिल्यांदा अक्कल सुचली असं मी मानतो, काकी मानत नाही. मी म्हटलं, आम्ही सावडीला येतो. आमच्याकडे भातलावणीला आणि झोडणीला सावड असते. आज तुम्ही आमच्याकडे एक दिवस राबलात, तर आमचं माणूस तुमच्याकडे एक दिवस राबून ते फेडतं. त्यात पैसा नाही, कागद नाही, अंगठा नाही. दोन्ही बाजू चुकत्या झाल्या की कोणाचा कोणावर हक्क राहत नाही. काकीला नेमकं हेच हवं होतं. हक्क न उरणारा व्यवहार.

सुट्टीच्या दिवशी आम्ही खळ्यावर पोचलो. फिटर, वेल्डर, स्टोअरमधला प्रज्वल, आणि पांढरे स्पोर्ट शूज घातलेले भाविक सर. काकीने शूजकडे बघितलं. सरांनी ते काढून बांधावर ठेवले आणि खळ्यात असं पाऊल टाकलं जसं गरम तव्यावर टाकतात. पहिला भारा त्यांनी फळीवर इतक्या हळुवार आपटला की एकही दाणा सुटला नाही. काकीने तो भारा त्यांच्या हातून काढून घेतला, एकदा आपटून दाखवला आणि परत दिला. दुपारी कुणालीवहिनीने तांदळाच्या भाकरी आणि सुकटीची चटणी आणली. सर शाकाहारी, त्यांना वेगळं पिठलं. काकी जेवतानाही उभीच होती. प्रत्येकाच्या घामाला ती तपासून घेत होती, की हा खरा की कंपनीच्या खर्चाने आलेला. संध्याकाळी रास उभी राहिली, हळद-कुंकू लागलं, भात मापून घरात गेला. काकी म्हणाली, “यंत्र एकदा जाऊ दे, ते वेगळं. तुमच्या माणसांची एक सावड माझ्यावर. मी फेडीन.” सर म्हणाले, कशाला, राहू द्या. मला तेव्हाच वाटलं होतं की हे म्हणायला नको होतं.

यंत्र निघालं त्या सकाळी निम्मं गाव मोरीवर होतं. काकीने पुलरची पुढची चाकं चंदरकडून पाण्याने धुऊन घेतली, कारण त्यांनी रस्त्यावर काय काय तुडवलं असेल कोण जाणे. पुलरचा ड्रायव्हर राजस्थानचा, त्याला मी खळ्याचं सांगितलं तर त्याने चपला काढून सीटखाली टाकल्या. खळ्यावर लोखंडी पत्रे अंथरले होते. पुलर वळणापाशी आला, आणि काकी त्याच्या पुढे जाऊन उभी राहिली. यंत्र आता सगळीकडून बंद केलेलं होतं, प्रत्येक तोंडाला झाकण, वर ताडपत्री. तिने ताडपत्रीचा कोपरा उचलला. तिथे एक छोटं घड्याळासारखं मीटर होतं. त्याचा काटा शून्यावर नव्हता.

“सरूप,” ती मला म्हणाली. “रिकामं ना रे?”

“हो काकी.”

“मग काटा कशाला वर?”

मला माहीत नव्हतं. मी मराठीत फलक लिहितो, काटे वर कसे जातात ते मला कोणी सांगत नाही. मी चंदरकडे बघितलं. चंदर म्हणाला, आत गंज लागू नये म्हणून हवा भरलीय, नुसती कोरडी हवा, समुद्रातनं जायचं आहे ना. त्याला नायट्रोजन म्हणायचं होतं, पण आईसमोर त्याने हवेवरच भागवलं.

“पाणी नाय?”

“नाय आई. मी जोडलंय ते.”

“तू त्यांचा पगार खातोस,” काकी म्हणाली.

मोरीवर कोणीतरी हसलं. चंदरचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. एक्स-रेत खोट न सापडणारा माणूस तो, आणि त्याची आईच त्याला मानत नव्हती. मागे पुलरचं इंजिन धडधडत होतं आणि भाविक सर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. मग चंदरने खिशातून पाना काढला. सर ओरडणार होते, पण तोवर चंदरने मीटरखालची बारीक चावी थोडीशी सैल केली. फुस्स झालं.

“हात धर.”

काकीने तळहात पुढे केला, तोच रेशनच्या तागडीवर दाबते तो. हवा हातावर लागत राहिली. तिने हात उलटा करून बघितला, नाकाशी नेला, मग पदराला पुसला, जरी पुसायला काही नव्हतं. पदर तिने बोटांनी चाचपला. कोरडा. काटा केसभर खाली आला होता. चंदरने चावी घट्ट बंद केली आणि आईकडे बघत तसाच उभा राहिला.

“हवा आपली का बाहेरची?” तिने विचारलं.

“बाटल्यांत भरून बाहेरनं आणलीय.”

“मग जाऊ दे.”

ती बाजूला झाली. पुलरचं शेपूट खळ्याच्या कोपऱ्यावरून हळूहळू फिरलं, सगळी माणसं दोन्ही बाजूंनी अनवाणी चालत होती. खळं ओलांडून गेल्यावर भाविक सरांनी बंदरावर फोन करून सांगितलं, की तिथे थोडा नायट्रोजन पुन्हा भरावा लागेल. का, ते त्यांनी सांगितलं नाही.

त्याच संध्याकाळी काकीने पत्रे उचलायला लावले, चाकांच्या खुणा मोडल्या, मोडलेला बांध माती लावून पुन्हा घातला आणि अख्खं खळं शेणाने सारवून घेतलं. सकाळी कोणी अनोळखी माणूस आला असता तर त्याला इथून पाखरूही गेलंय असं वाटलं नसतं.

गेटवर आता नवा फलक आहे. त्यात नदी तिकडची आणि शहर तिकडचं असं स्पष्ट लिहिलंय. काकीने तो तिघांकडून, वेगवेगळ्या वेळी, एकमेकांना कळू न देता वाचून घेतला.

पण सावड राहिली. दुसऱ्याच आठवड्यात काकी डबा घेऊन गेटवर हजर झाली, एक दिवस राबायला. वॉचमनने सोडलं नाही. आत काम करायचं तर वयाची अट, डॉक्टरचा दाखला, सुरक्षेचं शिक्षण. भाविक सर स्वतः बाहेर आले आणि हात जोडून म्हणाले, की काकी, तुमच्याकडून काम घेऊन आम्हाला पाप लागेल, राहू द्या ना, पुढच्या वेळी बघू.

‘पुढच्या वेळी’ हे शब्द तिने उचलले. त्या रात्री चंदर जेवायला बसल्यावर तिने त्याच्याकडून काढून घेतलं, की शेडमध्ये आता विजेचा बॉयलर उभा राहतोय, पंपापेक्षा उंच, आणि तो उन्हाळ्याच्या आधी निघणार आहे. त्याच वळणावरून.

दुसऱ्या दिवशी मी कामावर जाताना तिने मला खळ्यापाशी थांबवलं. “फेडू देत नाय, म्हणजे तुमाला अंगावर ठेवायचंय. उद्या म्हणाल, तेव्हा आमी राबलो होतो ना, आता गप जाऊ दे.” मी म्हटलं, काकी, सर तसे नाहीत. म्हटलं खरं. पण ऑफिसात जाऊन सरांना मी सहज विचारलं, की काकीला कंपनीच्या अंगणातली पानं तरी गोळा करू द्यावीत का, तर सर हसले आणि म्हणाले, “अरे राहू दे स्वरूप, तिच्यावर सावड असलेली बरी.” तेव्हापासून मीही त्यांच्याकडे काकीच्या नजरेनं बघायला लागलोय.

आता काकी रोज सकाळी येते. आत सोडत नाहीत, म्हणून कंपनीच्या भिंतीला लागून बाहेरच्या बाजूने विळ्याने गवत काढते. बरीच भिंत साफ झाली. काल मी तिला म्हटलं, भिंत झाली की तुझी सावड फिटली. तिने कंबर सरळ केली आणि भिंतीकडे बघितलं.

“भिंतीबाहेरचं गवत सरकारचं, ते सावडीत धरत नाय,” ती म्हणाली. “चंदर सांगत होता. तुमच्या सायबाने त्याला सांगितलंय.”

आणि शेळीपुरता भारा बांधून घरी गेली.